साडेतीन-अठरा

"साडेतीन," दाजी फोनवर मोठ्यानं सांगत होते. "हो, साडेतीनच. आधीचं विसरा."

मी डार्करूममध्ये होतो. ट्रेमध्ये कुणाच्या तरी बारशाचे फोटो पडले होते आणि दार उघडलं असतं तर अख्खं बारसं काळं झालं असतं. त्यामुळे माझ्याच स्टुडिओत, माझ्याच फोनवर, माझ्याच मोटरसायकलबद्दल जे काही ठरत होतं ते मला पडद्याआडून नुसतं ऐकावं लागत होतं.

"अठरा," दाजी म्हणाले. मग जरा थांबून, "अठराच. त्यात काय कमीजास्त होतंय? आणि ट्यूबपण पाठवा." फोन ठेवल्याचा आवाज आला. "निकमानं टायरच्या दुकानात फोनवर नवी पोरगी ठेवलेली दिसतीय. एकेक गोष्ट दोनदा विचारती."

ही तीसेक वर्षांपूर्वीची, विट्याची गोष्ट. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, हणमंतराव. साखर कारखान्याच्या स्टोअरमध्ये होते. सहा फूट उंची, आवाज त्याच्याही वर. माझे वडील लवकर गेले, तेव्हापासून माझं सगळं दाजीच ठरवत. मी कुठला धंदा करायचा, स्टुडिओच्या पाटीला कुठला रंग द्यायचा, केस किती कापायचे. माणूस मनानं चांगला, त्यामुळे तक्रार करायलाही जागा नसे.

मोटरसायकल मी एका जनावरांच्या डॉक्टरांकडून घेतली होती, आणि डॉक्टरांनी आणखी कुणाकडून तरी. मागचा टायर घासून घासून इतका गुळगुळीत झाला होता की त्यावरचा नंबरही राहिला नव्हता. नवा कुठल्या साइजचा घालायचा यावरून चार दिवस स्टुडिओत भांडण चालू होतं. चाक अठरा इंची, तेवढ्यावर एकमत होतं. पण जाडीचं काय? मुबारक मेस्त्री म्हणत होता सव्वातीन. डॉक्टरांनी म्हणे काटकसर म्हणून पावणेतीन घातला होता. दाजींचं मत साडेतीन.

"साडेतीन घातला की गाडी मागून भरल्यासारखी दिसते," ते म्हणत. "पोरीच्या दारात गाडी लावल्यावर मागूनच बघतात."

कारण रविवारी आम्ही मुलगी बघायला जाणार होतो. चिंचखिंड नावाचं गाव, वाटेत घाट, मुलीचे वडील सैन्यातून निवृत्त झालेले सुभेदार. त्यांचंही आडनाव निकम, पण टायरवाल्या निकमांशी त्यांचं काही नातं नव्हतं. सकाळी दहाची वेळ ठरली होती आणि आम्ही दोघंच जाणार होतो. मुलीचा फोटो आला होता, पण माझं लक्ष सगळं त्यातल्या प्रकाशाकडे गेलं. डावीकडून फार उजेड मारला होता. चेहरा कसा होता हे मला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

टायरचं मला विचारलं असतं तर मी सव्वातीन म्हणालो असतो. माझी उंची बेताची. जाड टायर म्हणजे उंचही असतो, गाडी मागून उचलली जाते आणि माझे पाय जमिनीला टेकायचे वांधे होतात. पण मला काय हवं ते मी दाजींना आजवर कधी सांगितलं नव्हतं. सुरुवात टायरपासून कशी करणार?

तासाभरानं फोन पुन्हा वाजला. टायरवाले निकम स्वतः होते. नंबर कुठला पाठवू म्हणून विचारत होते.

"अहो, आत्ताच सांगितला की तुमच्या पोरीला," दाजी वैतागून म्हणाले आणि सगळं परत सांगितलं.

मी बारशाचे ओले फोटो चिमट्याला लावत होतो. मला काही शंका आली नाही.

संध्याकाळी दुधाच्या टेम्पोतून टायर आला. मुबारकनं तो घातला, पण तोंड वाकडं करून. "बसला," तो म्हणाला, "पण बसवला म्हणून बसला." गाडी स्टँडवर लावली तर मागचं चाकही जमिनीला टेकत होतं आणि गाडी पाळण्यासारखी हलत होती. मी वर बसून बघितलं. फक्त अंगठे टेकले.

"सवय होईल," दाजी म्हणाले.

रविवारी सकाळी आम्ही निघालो. मी पुढे, दाजी मागे. त्यांचं वजन पडलं की गाडी मागून खाली बसायची आणि टायर मडगार्डला लागायचा. शिवाय एका बाजूनं तो चेनकव्हरला घासत होता. खर्र खर्र असा आवाज सबंध रस्ताभर.

"दाजी, घासतंय."

"नवीन आहे. झिजून जागा करेल."

घाटात वास यायला लागला. शेवटच्या चढाला तर मागे धूर दिसत होता, आणि दाजी रुमालानं तो वारत मला म्हणत होते, पुढं बघ, मागचं मी बघतो. दहाच्या ठोक्याला आम्ही सुभेदारांच्या दारात पोचलो. थांबताना माझे पाय टेकले नाहीत. दाजींनी दोन्ही पाय खाली सोडून, मला घेऊनच गाडी उभी धरली.

अंगणात खाकी अर्धी चड्डी आणि बनियन घातलेला एक माणूस शाळेतली बाकडी ओळीत मांडत होता. ओळ सरळ आहे का ते दोरी धरून तपासत होता. परसात मोठ्या पातेल्यांचा आवाज होता आणि कुणीतरी सारखं शिंकत होतं.

"सुभेदारसाहेब ना?" दाजींनी हात जोडले. "आम्ही विट्याहून आलो. मुलगी बघायला."

त्या माणसानं आमच्याकडे बघितलं. मग आमच्या मागे, रिकाम्या रस्त्याकडे बघितलं. "बाकीचे?"

"बाकीचे कोण?"

"विट्याचे पाव्हणे दुपारी साडेतीनला येणार आहेत. अठरा माणसं. तुम्ही दोघं आहात आणि आत्ता दहा वाजलेत. तुम्ही ते नव्हे."

दाजी हसले. त्यांना ती चेष्टा वाटली. सुभेदार हसले नाहीत.

"असा निरोप आम्ही दिलेलाच नाही," दाजी म्हणाले.

"तुमच्याच स्टुडिओतनं दिलाय. वेळ पक्की करायला परवा आमच्या पोरीनं फोन केला होता. तिनं स्वतःच्या कानानं ऐकलंय. साडेतीन. अठरा. वर म्हणे, आधीचं विसरा."

दाजींनी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. असं होताना मी ते पहिल्यांदाच पाहत होतो.

"साडेतीन-अठरा," ते हळूच म्हणाले. "तो टायर आहे."

"कोण टायर आहे?"

मग सगळं सांगावं लागलं. फोन टायरच्या दुकानातून आला असं आम्हाला वाटलं, तिथलेही निकमच, वगैरे. सुभेदारांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग गाडीपाशी येऊन खाली वाकले आणि टायरवरचा नंबर बोट फिरवून वाचला.

"बरोबर आहे," सरळ उभे राहत ते म्हणाले. "म्हणजे निरोपात चूक नाही. आमच्याकडून त्याची अंमलबजावणी झालेली आहे. चुलीवर भात चढलाय. पोरगी मसाला कुटतीय. घरात कुणाच्या अंगावर धड कपडा नाही. आत्ता मी तुम्हाला आत घेऊ शकत नाही. टाइम साडेतीनचा आहे. तोवर तुम्ही आलेला नाही."

"पण आम्ही आलोय की," दाजी म्हणाले.

"मला दिसत नाही," सुभेदार त्यांच्याकडे बघत म्हणाले, आणि परत बाकडी लावायला लागले.

दाजींचा चेहरा लाल झाला. "चल जालिंदर. असल्या घरात सोयरीक नको. गाडी वळव."

गाडी वळली नाही. मागचं चाक जागचं हलेना. घासून निघालेल्या रबराचा चुरा चेनकव्हर आणि टायरच्या मध्ये ठासून बसला होता. दोघांनी मिळून मागची बाजू उचलली आणि गाडी कशीबशी रस्त्यापलीकडच्या करंजाखाली नेली. दाजी मेस्त्री शोधायला गावात गेले. मी चांगल्या शर्टाच्या बाह्या वर करून काडीनं रबर कोरत बसलो.

थोड्या वेळानं एक मुलगी रस्ता ओलांडून आली. एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात पक्कड. गालाला तिखट लागलेलं, नाक लाल. तिनं आधी दोनदा शिंकून घेतलं.

"वडील म्हणाले, झाडाखाली जे कुणी नाहीत त्यांना पाणी नेऊन दे."

मी उभा राहिलो. "तुम्हीच का..."

"विजयमाला. पण तुम्ही अजून आलेला नाही, तेव्हा मीही तुम्हाला भेटलेली नाही. बोलायला हरकत नाही." तिनं पक्कड पुढे केली. "ही घ्या. काडीनं नाही निघायचं ते."

मी पाणी प्यालो. मग धीर करून विचारलं, "फोनवर तुम्हीच होता?"

"हो."

"मग तुम्हाला शंका नाही आली? अठरा माणसं वगैरे?"

"आली की. ते शेवटी म्हणाले, ट्यूबपण पाठवा. मुलगी बघायला ट्यूब कशाला लागते?"

"म्हणजे तुम्हाला कळलं होतं?"

"तेव्हाच कळलं."

"मग वडलांना सांगितलं नाही?"

"जे ऐकलं ते सगळं सांगितलं. ट्यूब तेवढी वगळली." तिनं घराकडे एकदा वळून बघितलं. "तुम्ही चौथे आहात. दर वेळी तेच. पोहे, मान खाली, नाव सांगा, दहा मिनिटांत उठा. येणाऱ्याचे बूट तेवढे दिसतात. मला वाटलं, अठरा माणसं ऐकून वडील वैतागतील आणि नकोच म्हणून कळवतील. तर म्हणाले, अठरा तर अठरा, आणि शाळेतली बाकडी आणायला गेले. त्यानंतर खरं सांगायची सोयच राहिली नाही. कालपासून मसाला मीच कुटतेय."

ती पुन्हा शिंकली. मला हसू आलं, मग तिलाही आलं. मग ती चाकापाशी उकिडवी बसली आणि टायर व चेनकव्हर यांच्या मध्ये बोट घालायला लागली.

"बोटसुद्धा जात नाही. एवढा जाड कशाला घेतला?"

"दाजींना आवडतो."

"गाडी त्यांची आहे?"

"माझी."

"चालवतं कोण?"

"मीच."

"मग तुम्हाला कुठला हवा होता?"

हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी इकडेतिकडे बघून सांगितलं, "सव्वातीन."

"हे इतकं हळू का सांगताय? ते गावात गेलेत."

मी पक्कड घेऊन रबर ओढायला लागलो. जरा वेळानं म्हणालो, "चेनकव्हरच काढून टाकतो. घरापर्यंत जाईल गाडी."

"आणि मागं बसणाऱ्या बाईची साडी चेनमध्ये गेली म्हणजे?"

"मागं बाई बसत नाही."

"आज नाही बसत," ती म्हणाली. उठली, तांब्या उचलला. "साडेतीनला मला ओळखायचं नाही. आणि शर्टाला काळं लागलंय, ते धुवा."

ती गेल्यावर मी फोटो आठवून बघितला. फोटो खरोखरच वाईट काढला होता.

जेवणाच्या वेळेला सुभेदार बाहेर आले. एकदा बाकड्यांकडे बघितलं, एकदा परसाकडे, आणि काहीतरी मनाशी ठरवून गावात गेले. परत आले ते माणसं घेऊन. दोन-दोनच्या रांगेत. पुढे काठी घेतलेले एक म्हातारे, मागे पोस्टमन, पिठाच्या गिरणीवाला, डेअरीतला माप घेणारा, तालमीतली काही पोरं. सगळी माणसं करंजाखाली आणून उभी केली. आम्ही अजून आलेलो नसल्यामुळे सुभेदार माझ्याशी न बोलता झाडाशी बोलले.

"अठराला सोळा कमी पडत होते. आणलेत. हे मुलाकडचे."

एवढं सांगून ते कपडे करायला घरात गेले. म्हातारे माझ्याशेजारी टेकले. त्यांना सगळे तात्या म्हणत होते.

"मुलाचं नाव काय?" त्यांनी मला विचारलं. "आपल्याला माहीत असलेलं बरं."

"जालिंदर."

"चांगलं आहे. आणि मी तुझा कोण?"

मी विचार करून म्हणालो, "चुलत आजोबा?"

"चालेल," तात्या म्हणाले आणि पटका नीट करायला लागले.

दाजी मेस्त्री न मिळता, घामाघूम होऊन परत आले, तर त्यांना सोळा नातेवाईक झालेले. गिरणीवाल्यानं त्यांना वाकून नमस्कार केला, कारण त्याच्या वाट्याला धाकटा मेव्हणा आला होता. दाजींना भूक इतकी लागली होती की भांडायलाही त्राण नव्हतं.

बरोबर साडेतीनला आम्ही अठरा जण रस्ता ओलांडून गेलो. सुभेदार कोट घालून, छातीवर पदकं लावून दारात उभे होते.

"या, या. प्रवासात काही त्रास नाही ना झाला?"

"नाही," मी म्हणालो.

"टायमात आलात," ते मनापासून म्हणाले.

विजयमाला पोहे घेऊन आली. हिरवी साडी, मान खाली. नाक तेवढं अजून लाल होतं. मी ठरल्याप्रमाणे तिला ओळखलं नाही.

"बाळ, नाव काय तुझं?" तात्यांनी विचारलं. पोस्टमन नंतर माझ्या कानात म्हणाला की तिच्या बारशाला ते नाव तात्यांनीच सुचवलं होतं.

"विजयमाला यशवंत निकम."

"शिक्षण?" पोस्टमननं विचारलं. तिचा बारावीचा निकाल घरी आणून पेढा खाल्लेला माणूस, पण चेहऱ्यावर काही नाही.

गिरणीवाल्याला वाटलं आपणही काही विचारलं पाहिजे. "घरात मसाला कोण कुटतं?"

ती शिंकली. सगळ्यांनी ते उत्तर धरलं.

सुभेदार मांडी सावरून बसले. "आता मुलाकडच्यांचं काय म्हणणं आहे?"

दाजींनी घसा साफ केला. सकाळचं करंजाचं झाड त्यांच्या डोक्यातून गेलं नव्हतं. "आम्ही घरी जाऊन विचार करतो आणि कळवतो."

याचा अर्थ सगळ्यांना कळतो. विजयमालानं मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. एकदाच. परसातली भांड्यांची खडखडही थांबली.

"विचार कशाला करायचा?" तात्या म्हणाले. "आम्हाला मुलगी पसंत आहे."

"तुम्ही कोण?" दाजींनी विचारलं.

"मुलाचा चुलत आजोबा."

बाकीच्या पंधरा जणांनी माना डोलावल्या. सुभेदारांनी हात वर केला. "तुमच्या घरातले वाद तुम्ही घरात मिटवा. मुलाचं काय मत आहे?"

"त्याचं माझ्यापेक्षा वेगळं नसतं," दाजी म्हणाले.

ते खोटं बोलत नव्हते. त्या क्षणापर्यंत तसंच होतं. मी उभा राहिलो. जे बोलायचं ते सोडून भलतंच तोंडातून आलं.

"दाजी, मला सव्वातीन पाहिजे."

सुभेदारांनी मनगटावरच्या घड्याळात बघितलं. "सव्वातीन वाजून गेले."

"टायर," मी म्हणालो. "टायर मला सव्वातीन पाहिजे. पहिल्यापासून तोच पाहिजे होता. साडेतीनला माझे पाय टेकत नाहीत. आणि मुलगी पसंत आहे."

दाजी माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं आता आवाज चढणार. पण ते रागावलेले दिसत नव्हते, दुखावल्यासारखे दिसत होते.

"मग आधी बोलायचं नाहीस का?" ते म्हणाले. "डार्करूममधून एक हाक मारली असतीस तरी चाललं असतं. मी काय मनकवडा आहे?"

"चुकलं."

"सव्वातीन बारीक दिसतो," दाजी म्हणाले.

"दिसू दे."

"मागून बघणारे हसतील."

"हसू दे, दाजी."

त्यांनी खिशातून रुमाल काढला, तोंड पुसलं आणि सुभेदारांकडे वळले. "बरं. मुलगी पसंत आहे म्हणतोय. आता तुमच्या मुलीला विचारा."

तिला असं भर बैठकीत कुणी विचारेल याची सुभेदारांनी तयारी केलेली नव्हती. ते जरा गोंधळले, पण विचारलं.

"मला चालेल," विजयमाला म्हणाली. "फक्त चेनकव्हर काढायचं नाही."

सुभेदारांनी ही अट मोठ्यानं पुन्हा म्हणून सगळ्यांना ऐकवली. त्यात काय आहे ते कुणालाच कळलं नाही, पण मुलाकडून ती एकमतानं मान्य झाली. मग पानं मांडली. तात्या माझ्या शेजारी बसले आणि मला आग्रह करकरून वाढायला लावत होते. दाजींनी तीनदा भात घेतला आणि हात धुताना सुभेदारांना म्हणाले की मसाला उत्तम आहे.

गाडी दुसऱ्या दिवशी डेअरीच्या टेम्पोतून विट्याला गेली. मुबारकनं सव्वातीन टायर घातला, चाक हातानं फिरवलं, दोन्ही बाजूंना बोट घालून बघितलं आणि चहा मागवला. दाजी बघायला आले होते. गाडीभोवती एक फेरी मारली, मागून जरा जास्त वेळ बघितलं आणि म्हणाले, "तेवढाही बारीक नाही दिसत."

लग्न वैशाखात चिंचखिंडीलाच झालं. सुभेदारांना खरा त्रास त्या दिवशी झाला, कारण मुलीकडची माणसं मोजली तर सोळा कमी भरायला लागली. ते सोळा जण सकाळीच फेटे बांधून आमच्या जानवसघरात येऊन बसले होते. एकदा मुलाकडचे झालो म्हणजे झालो, असं तात्यांचं म्हणणं. रुखवताला त्यांनी नाकं मुरडली, पंगतीत मान मागितला, गिरणीवाला तर मेव्हणा म्हणून रुसला आणि त्याला सुभेदारांनी टॉवेल-टोपी देऊन उठवलं.

त्या सोळा जणांची पंचाईत झाली ती पाठवणीला. विजयमाला आईच्या गळ्यात पडली तशी गावातली बाया-माणसं डोळे पुसायला लागली. सोळा जण मात्र आमच्या वऱ्हाडाच्या ट्रकजवळ उभे होते. इकडे उभं राहून रडावं, की नवी सून येतेय म्हणून हसावं, त्यांना कळेना. ते सगळे तात्यांकडे बघत होते. तात्या काही वेळ काठीवर हनुवटी टेकून उभे राहिले. मग त्यांनी माझ्या हातात काठी दिली, म्हणाले, "जरा धर, पलीकडं जाऊन येतो," आणि सगळ्यांना घेऊन मांडवात गेले. पोटभर रडून झाल्यावर सोळाच्या सोळा जण परत आले, आमच्या ट्रकमध्ये चढले आणि तिचं स्वागत करायला आम्हा नवरानवरीच्या आधी विट्याला जाऊन पोचले.